गेम कोणी बनवला?



मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून मला ‘मुलं आणि व्हिडिओ गेम’ हा विषय दिलाय. मुलांनी किती वेळ खेळावं, ते तुम्ही घरी ठरवा. मी बोलणार आहे गेम बनवणाऱ्यांबद्दल.

अमेरिकेतली अटारी कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव देत नसे. मग वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लपवलं. कंपनीला पत्ता लागला तो खेळणाऱ्या एका मुलाने कळवल्यावर! अटारीचेच चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली. तिथे गेमबरोबर प्रोग्रामरचं नाव छापलं जाऊ लागलं.

पुढे ती कंपनी अवाढव्य झाली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातल्या सुमारे १९०० जणांना कमी केलं.

याउलट निन्टेंडोची विक्री घसरली, तेव्हा २०१४ मध्ये अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिने स्वतःचा पगार निम्मा केला. कपातीने मागे राहिलेल्यांचंही मनोधैर्य खचतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हाताखाली माणसं आहेत. कुणाच्या कारखान्यात, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या दुकानात. ज्याचं श्रेय त्याला द्यायला पैसे लागत नाहीत. आणि कात्री लावायचीच वेळ आली, तर ती वरूनही लावता येते. एवढं आपण नक्की करू शकतो.