प्रदर्शनाचा दुसरा दिवस

(संस्थेच्या वार्षिक कलाप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



उद्घाटकाने प्रदर्शनाचे कौतुक करावे अशी रीत आहे आणि ते मी मनापासून करतो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते प्रदर्शन उतरल्यानंतरच्या दिवसाविषयी.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी परीक्षक होतो. थर्माकोलचा सुरेख ताजमहाल करणाऱ्या मुलास आम्ही पहिले बक्षीस दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे जाणे झाले, तो शाळेमागे शिपाई तोच ताजमहाल जाळीत होता. काळ्या धुराने डोळे चुरचुरत होते आणि तो मुलगा लांब उभा राहून पाहत होता. शिपायाचा काय दोष? वस्तू ठेवावयास जागा नव्हती, आणि कुजणारी तर ती नव्हेच. चूक आम्हा परीक्षकांची. ही वस्तू उद्या कोठे जाईल, हे आम्ही विचारलेच नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण माझ्या पाहण्यात कित्येक ठिकाणी त्याच्या जागी प्लॅस्टिकच्या फोमचे तक्ते आले, एवढाच फरक!

वास्तविक आपल्याला कल्पना उसन्या आणण्याचे कारण नाही. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी तेथे आणली, तेव्हापासून तेथे हातकागद होतो असे सांगतात. जुन्नरचे कागदी तर पेशवाईतही नावाजलेले. हे सारे मुसलमान कारागीर. चिंध्या, जुने तागाचे पोते, दोरखंड यांचा लगदा कुटून हौदात सोडायचा, साच्याने ताव उचलायचा, सुकवायचा, मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. लोकांनी टाकलेल्या चिंधीवर पुढे खुशखत उमटे. ताजियाही पूर्वी बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि घरच्या खळीवरच उभा राही.

हातकागद आज महाग पडतो, हे मला मान्य आहे. म्हणून घरचाच उपाय सांगतो. आमच्या आजी जुने कागद रात्रभर भिजवून, भिजलेल्या मेथीबरोबर कुटून, तो लगदा टोपलीला लिंपीत. मेथीने चिकटपणा येतो आणि टोपली वर्षानुवर्षे टिकते. जुन्या उत्तरपत्रिका व लग्नपत्रिका यांच्या अशा लगद्यातून मिनार, घुमट, नकाशे सहज होतील. मात्र काम उन्हाळ्यात करावे. पावसाळ्यात त्यास बुरशी येते, हा स्वानुभव आहे. इस्राफ टाळा असे आपण मुलांना वर्गात शिकवतो. ते हातांनाही कळू द्यावे.

चिटणीससाहेबांना एक विनंती. प्रदर्शन उतरवताना तीन पोती ठेवावीत : एकात कागद-कापड, दुसऱ्यात बांबू-लाकूड, आणि कशातच न बसणारे ते तिसऱ्यात. तिसरे पोते किती भरले, ते पुढील वर्षी याच व्यासपीठावरून सांगावे.