बारा क्रेडिट, वीस तास

मुलामुलींना खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला पाठवायच्या तयारीत असलेले काही पालक आज इथे आले आहेत. मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे.

आपल्याकडे खेळाडूची हजेरी सांभाळून घेतात, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण देतात. ते द्यायलाच हवेत. पण त्या सवयीने गेलेलं मूल तिकडे पहिल्याच सत्रात गांगरतं. तिथे दर आठवड्याला क्विझ, असाइनमेंट, लॅब, आणि त्या प्रत्येकाचे गुण निकालात धरलेले. रात्र जागून वर्षाचा अभ्यास उरकता येत नाही.

एनसीएए ही तिथल्या कॉलेज-खेळांची मोठी नियामक संस्था. तिच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात हंगामात आठवड्याला २० तासच खेळासाठी घेता येतात. ऐकायला बरं वाटतं. पण हे तास मोजतात कसे, ते बघा. सामन्याचा अख्खा दिवस तीनच तासांचा धरतात. प्रवास मोजतच नाहीत, फिजिओकडे गेलेला वेळही नाही. कॅन्सस स्टेटचा संघ वेस्ट व्हर्जिनियाला खेळायला निघाला तर जाण्याचीच वाट दीड हजार किलोमीटरच्या आसपास. रात्री उशिरा परतलेलं पोर सकाळी केमिस्ट्रीच्या वर्गात हजर हवं, आणि तासांच्या नोंदीत त्या प्रवासाचा एक तासही धरत नाहीत.

आता व्हिसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी शिकणाऱ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) घ्यावेच लागतात, आणि त्या हिशेबात ऑनलाइन विषय एकच धरतात. अमेरिकन सोबत्याने जड विषय सोडला आणि क्रेडिट बाराच्या खाली गेले, तर त्याचं खेळणं अडतं. आपल्या मुलाचं तिथे राहणंच अडचणीत येतं. म्हणून विषय सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी घ्यायची. कोचने मान डोलावली, एवढ्यावर भागत नाही. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, पण एफ-१ वर कॅम्पसबाहेर काम करायला बंदी असल्याने त्या पैशावर घरचं गणित मांडू नका.

तरी जमतं, हे मला ठामपणे सांगायचं आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत असताना २००७ आणि २००८ साली एनसीएएचा टेनिस एकेरीचा विजेता झाला. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटमध्ये अकाउंटिंग शिकताना एनसीएएचं उंच उडीचं विजेतेपद २०१८ आणि २०२२ मध्ये मिळवलं. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळली; पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णांबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

कोचचा फोन आला की शिष्यवृत्ती किती टक्के, हे आपण विचारतोच. त्याच फोनवर आणखी विचारा: माझ्या मुलीला बायॉलॉजी घ्यायची आहे, लॅब दुपारी असते आणि सरावही दुपारी, मग तुमच्या संघात आज बायॉलॉजी शिकणारं कोण आहे? नाव सांगितलं, तर त्या मुलीशी बोलायला मागा.