संमेलनाचे वृत्त आणि वक्त्याचा परिचय



अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीन-चार दिवसांचे असते. मात्र मांडवापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या असंख्य मराठी वाचकांसाठी ते दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापून येते तेवढेच असते. जे मांडवात बसलेले असतात त्यांना वक्ता प्रथम भेटतो तो त्याचा परिचय करून देणाऱ्याच्या तोंडून. वार्ताहर आणि परिचयकर्ता या दोघांनाही संमेलनात मानाची खुर्ची नसते, त्यांचे छायाचित्र स्मरणिकेत येत नाही. तरीही संमेलनाचा मागे उरणारा इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्याच हातून घडतो. येत्या वर्षी ज्या कार्यकर्त्यांना संमेलनाचे वृत्त लिहायचे आहे किंवा व्यासपीठावरून कोणाची ओळख करून द्यायची आहे, त्यांच्यासाठी या कामाचा हा थोडा विचार आहे.

या परंपरेचा आरंभच मुळी वृत्तपत्रातून झाला. न्या. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८७८ मध्ये 'ज्ञानप्रकाश'मधून मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले आणि ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत पहिली ग्रंथकार सभा भरली. दुसरी सभा १८८५ साली भरली. तिचे अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे होते, हे आज अभ्यासकांखेरीज कोणाच्या फारसे लक्षात नाही. लक्षात आहे ते त्या सभेचे निमंत्रण नाकारणारे महात्मा जोतीराव फुले यांचे पत्र. जो गृहस्थ सभेला आलाच नाही, त्याचे म्हणणे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले, कारण 'ज्ञानोदय'ने ते छापले. त्या पत्राशी कोणी सहमत असो वा नसो, त्याच्यावाचून त्या सभेचे वृत्त पुरे होत नाही, एवढे खरे. व्यासपीठावर कोण होते हे वार्ताहराने लिहावेच. पण कोण नव्हते आणि का नव्हते, हेही विचारावे.

अलीकडे संमेलनाच्या वृत्ताला एक ठरावीक साचा पडला आहे. पहिल्या दिवशी ग्रंथदिंडी, ध्वजारोहण आणि उद्घाटन. मग एखादे वादग्रस्त वाक्य, त्यावरच्या प्रतिक्रिया, प्रतिक्रियांवरच्या प्रतिक्रिया. शेवटी भोजनव्यवस्था आणि ग्रंथविक्रीचा आकडा. परिसंवादाला चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. समारोपाच्या दिवशी खुल्या अधिवेशनात ठराव वाचले जातात, तेव्हा बहुतेक वार्ताहर परतीच्या गाडीत बसलेले असतात. (ठरावही कधीकधी असे लिहिलेले असतात की गाडी पकडणाऱ्याला दोष देववत नाही.)

पण १९४६ च्या मे महिन्यातील बेळगावचे संमेलन आठवावे. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. ते कादंबरीकार तर होतेच, शिवाय नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक होते. त्या संमेलनाचे सर्वांत मोठे वृत्त म्हणजे एक ठराव. मराठी भाषकांचे एकच राज्य व्हावे, ही मागणी बेळगावच्या त्या मांडवात मंजूर झाली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला तेथून बळ मिळाले. १ मे १९६० रोजी राज्य झाले. ज्या गावात ठराव झाला ते गाव मात्र राज्याबाहेर राहिले. त्या दिवशी एखादा वार्ताहर अध्यक्षीय भाषणानंतर लगेच निघाला असता, तर त्याच्या हातून काय निसटले असते, याची कल्पना करता येईल.

एकाच वाक्यात संमेलन गुंडाळण्याची सवय तशी जुनी आहे. १९३८ च्या मुंबईच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वातंत्र्यवीर सावरकर होते. तरुणांनी लेखणी बाजूला ठेवून बंदूक हाती घ्यावी, हे त्यांचे आवाहन सर्वांना ठाऊक असते. साहित्यिकांच्या मेळाव्यात एक कवी आणि नाटककार असे म्हणतो, तेव्हा त्याचा मथळा होणारच, आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्याच सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी वर्षानुवर्षे लेखणी झिजवली होती. महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा असे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे कितीतरी शब्द आजचा वार्ताहर रोज सहज वापरतो. लेखणीचे मोल त्यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नव्हे. ते ठाऊक असूनही त्यांनी तसे का म्हटले, ती निकड कोणती, हे सांगितल्यावरच ते आवाहन वाचकाला कळते.

आणि एक संमेलन असेही झाले की ज्याचे वृत्त मोकळेपणे छापणेच अशक्य होते. १९७५ चे कऱ्हाड. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री होते आणि अध्यक्षपदी दुर्गा भागवत होत्या. बंदिवासानंतर गंभीर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून दुर्गाबाईंनी सभागृहाला प्रार्थनेचे आवाहन केले. ही हकीकत मराठी घराघरांत पोहोचली ती मुख्यतः मांडवात बसलेल्या माणसांच्या तोंडून. पुढच्याच वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. आज वृत्तपत्रांवर असे बंधन नाही. मग वृत्त अपुरे राहिले, तर त्याची जबाबदारी कोणावर टाकायची?

आता परिचयाविषयी. 'आजच्या वक्त्यांना परिचयाची आवश्यकता नाही' असे म्हणून पुढे दहा मिनिटे परिचय करून देणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. बिघडते ते असे की वक्त्याने पाठवलेल्या माहितीपत्रातील पदव्या, पदे आणि पुरस्कार ते ओळीने वाचत जातात, आणि श्रोत्यांच्या हाती शेवटी माणूस लागतच नाही. परिसंवादात पाच वक्ते असले आणि प्रत्येकाचा परिचय असा लांबला, तर पाचव्या वक्त्याच्या वाट्याला अध्यक्षांची चिठ्ठी तेवढी येते.

दुसरी सवय उपाधीची. २०२६ च्या प्रारंभी साताऱ्यास झालेल्या नव्व्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्ष विश्वास पाटील यांना मराठी माणूस 'पानिपतकार' म्हणून ओळखतो. त्यात प्रेम आहे, खोटे काही नाही. पण धरणग्रस्तांच्या विस्थापनावर त्यांनी लिहिलेल्या 'झाडाझडती'ला १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि नेताजींवर 'महानायक' लिहिणारेही तेच, हे त्या एका शब्दामागे झाकले जाते. न्या. नरेंद्र चपळगावकर २०२३ च्या वर्धा संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे न्यायमूर्तिपद आधी सांगितले गेले की इतिहासाचा आणि विचारवंतांच्या चरित्रांचा त्यांचा व्यासंग दुय्यम वाटू लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही चूक अधिक बोचते. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावती देशपांडे यांना मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचे पती कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हे १९५८ च्या मालवण संमेलनाचे अध्यक्ष होते. 'कवी अनिल यांच्या पत्नी' हे वाक्य सत्य आहे. पण मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी आढावा घेणाऱ्या समीक्षक आणि 'पासंग'च्या लेखिका म्हणून त्या त्या आसनावर बसल्या होत्या. पतीचा उल्लेख करायचाच तर तो शेवटी यावा. कुसुमावतींनंतर २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत केवळ आणखी पाच स्त्रिया त्या आसनावर बसल्या. त्या वर्षीच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर सहाव्या.

परिचयात एकच गोष्ट सांगावी, पण ती निवडून सांगावी. डॉ. जयंत नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना तेथे उपस्थित राहता आले नाही. पद्मविभूषण, केंब्रिज, हॉईल यांच्यासह मांडलेला सिद्धांत, ही सारी यादी कोणीही वाचून दाखवील. त्यापेक्षा १९७४ ची हकीकत सांगावी. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने घेतली होती. आपल्या कीर्तीचा दबाव परीक्षकांवर पडू नये, कथेचे मोल कथा म्हणूनच व्हावे, एवढीच त्यामागची इच्छा. पहिले पारितोषिक त्या जगतापांनाच मिळाले. ही हकीकत सांगायला एक मिनिट पुरते, आणि त्यानंतर श्रोता भाषणासाठी सावरून बसतो.

यासाठी परिचयकर्त्याने वक्त्याचे निदान एक पुस्तक वाचलेले असावे. ते शक्य नसेल तर आदल्या दिवशी दूरध्वनी करून नावाचा आणि आडनावाचा उच्चार तरी विचारून घ्यावा. विषयावर स्वतःचे मत देऊ नये, त्यासाठी वक्ता बोलावलेला आहे. परिचय कागदावर लिहून काढावा, घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचावा आणि तीन मिनिटांवर गेला तर आधी पुरस्कार गाळावेत. कार्यक्रम संपल्यावर तो कागद शेजारच्या वार्ताहराला द्यावा. त्याला तेव्हा सर्वाधिक गरज असते ती नावांच्या बिनचूक लेखनाची.