साहस आणि सावधानता



इमारत, मनोरा, पूल किंवा कडा यांवरून पॅराशूट घेऊन उडी मारण्याच्या खेळास ‘बेस जंपिंग’ म्हणतात. त्याचे एक प्रवर्तक कार्ल बेनिश यांनी १९८४ साली नॉर्वेतील ट्रोलवेगेन पर्वतावरून पत्नी जीन यांच्यासह विक्रमी उडी घेतली. थोड्याच दिवसांत त्याच पर्वताच्या दुसऱ्या टोकावरून उडी घेताना त्यांना मृत्यू आला. विमानातून उडी घेणाऱ्यास दुसरे पॅराशूट उघडण्यास अवसर असतो. येथे तो बहुधा नसतो. म्हणून कालच्या यशावर न विसंबता प्रत्येक जागा नव्याने पारखावी लागते. पुढे जीनबाईंनी त्याच पर्वतावरून पुन्हा उडी घेतली. आपली मुले गिर्यारोहणास निघाली तर त्यांना अडवू नये. निघण्यापूर्वीची पारख मात्र अवश्य शिकवावी.