खूण तीच, वाचणारा वेगळा



अध्यक्षीय भाषणात साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती आज मी पाळणार नाही. आरएनएवर १७०हून अधिक प्रकारचे रासायनिक बदल सापडले आहेत. त्यांची नुसती नावे घ्यायची म्हटली तरी जेवणाची वेळ टळेल. मी एकाच बदलाबद्दल बोलणार आहे, आणि त्याच्याविषयी निष्कर्ष काढण्याची जी घाई आपल्यात शिरली आहे, तिच्याबद्दल.

१९७४ साली अमेरिकेत फ्रिट्झ रॉटमन आणि त्यांचे सहकारी नोविकॉफ हेपॅटोमा, म्हणजे रॅटच्या यकृताच्या कॅन्सरपेशी, तपासत होते. त्या पेशींच्या एमआरएनएत त्यांना अ‍ॅडेनिनच्या सहाव्या जागेवरच्या नायट्रोजनला चिकटलेला मिथाइल गट आढळला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. हाच आपला एम-सिक्स-ए. कॅन्सरच्या पेशीत दिसलेल्या या खुणेचा कॅन्सरशी संबंध लागायला मात्र जवळपास चार दशके गेली.

अडचण पद्धतीत होती. आरएनए वाचायचा तर आपण आधी त्याची डीएनएत नक्कल करतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तलाठ्याने पेन्सिलीने बारीक खूण केलेली असावी आणि झेरॉक्समध्ये ती उमटूच नये, तसे इथे होते. अक्षरे सगळी येतात, मिथाइल गट येत नाही. २०१२ साली इस्रायल आणि न्यूयॉर्कच्या गटांनी या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी वापरून पहिले नकाशे काढले, तेव्हा कुठे दिसले की खुणा वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. प्रथिनाचा संदेश जिथे संपतो त्या थांब्याजवळ त्यांची दाटी आहे. तरी त्या अँटिबॉडीला शंभरेक अक्षरांची गल्ली सापडे, नेमके घर नाही.

त्याच्या आदल्या वर्षी शिकागोत च्वान हे यांच्या प्रयोगशाळेने एफटीओ हे एन्झाइम ही खूण पुसते, असे दाखवून दिले. खूण पुसली जाते म्हणजे ती कायमची नाही, पेशी तिचे नियमन करते. एफटीओ तुम्हाला वजनामुळे ठाऊक असेल. २००७ साली या जनुकातल्या एका फरकाची सांगड लठ्ठपणाशी घातली गेली. (तो फरक शेजारच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांमार्फत काम करतो, हे नंतर कळले. जनुकाच्या नावावरून त्याचे काम ओळखू नये, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला हे उदाहरण हमखास उपयोगी पडते.)

आता मुद्द्याकडे येतो. २०१७ साली अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर निबंध आले. एकात म्हटले होते की खूण पुसणारे एफटीओ काही उपप्रकारांत वाढलेले असते आणि ल्युकेमियाला बळ देते. दुसऱ्यांत म्हटले होते की खूण लिहिणारे मेटल-थ्री ल्युकेमियाच्या पेशींना जगण्यासाठी लागतेच. पुसणाराही गुन्हेगार, लिहिणाराही गुन्हेगार! प्रयोग चोख होते, कुणी खोटे बोलत नव्हते. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमातही तेच झाले. अमेरिकेतल्या एका गटाला मेटल-थ्री कमी केल्यावर गाठीच्या मूळपेशी फोफावताना दिसल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कुमारवेल सोमसुंदरम यांच्या गटाला त्या पेशी टिकण्यासाठी आणि रेडिएशनला दाद न देण्यासाठी मेटल-थ्री आवश्यकच दिसले.

हा गोंधळ पाहून काही जण म्हणाले, हे क्षेत्रच बेभरवशाचे आहे. मला तसे वाटत नाही. मिथाइल गट स्वतः फारसे काही करत नाही. त्याला वाचणारी प्रथिने करतात. वायटीएचडीएफ-टू त्या खुणेवर बसले की तो एमआरएनए लवकर नष्ट होतो. आयजीएफटूबीपी कुळातली प्रथिने बसली की तोच संदेश जास्त टिकतो. कॅन्सरला इंधन पुरवणाऱ्या मिकसारख्या जनुकाचा संदेश ती अशीच जपतात. त्यामुळे एन्झाइम चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. ल्युकेमियाच्या ज्या उपप्रकारांत एफटीओ वाढते, तिथे ते एएसबी२ आणि आरएआरए या संदेशांवरच्या खुणा पुसते, आणि पेशीची परिपक्व होण्याची वाट अडते. मेटल-थ्री दुसऱ्याच संदेशांवर खुणा करते आणि त्यांचे प्रथिन वाढवते. दोघांचे बळी वेगळे आहेत, म्हणून दोन्ही बाजूंचे निबंध एकाच वेळी खरे असू शकतात.

हा वाद केवळ निबंधांपुरता असता तर तो मी इथे आणला नसता. २०२१ साली मेटल-थ्रीला अडवणारा एसटीएम२४५७ हा रेणू उंदरांमधल्या ल्युकेमियावर परिणामकारक ठरला. तो बनवणाऱ्या केंब्रिजच्या कंपनीचा पुढचा रेणू माणसांवरील चाचणीत गेला. याचा मला आनंद आहे. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवरचे २०१८चे काम आठवा. सुमारे ७० टक्के गाठींत एम-सिक्स-ए कमी झालेले आढळले. मेटल-थ्रीचा जोडीदार असलेल्या मेटल-फोर्टीनमधला बिघाड किंवा मेटल-थ्रीची घट हे त्याचे संभाव्य कारण, आणि त्यातून एकेटीचा वाढीचा मार्ग मोकळा सुटतो. रक्तात जे एन्झाइम दाबायचे, त्याचीच उणीव इथे गाठीला पोसते. औषध देताना रुग्णाच्या बाकीच्या अवयवांत काय चालले आहे यावर लक्ष ठेवावे लागेल, आणि ते काम आपल्यासारख्या वॉर्डातल्यांचेच असेल.

आणि आपण काय करतो आहोत? संगणकावर बसून सार्वजनिक माहितीसाठ्यातून डझनभर एन्झाइमांचे आकडे काढायचे, रुग्ण जगण्याच्या आलेखाशी जुळवायचे, आणि ‘सिग्नेचर’ म्हणून छापायचे. असे निबंध परीक्षणासाठी येतात तेव्हा माझा पहिला शेरा ठरलेला असतो: यात खूण एकदाही मोजलेली नाही. एन्झाइमचा एमआरएनए वाढला म्हणजे खुणा वाढल्या, असे होत नाही.

मोजायची तर नमुना हवा. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय आराखडा २०१३ साली भारतीय गटाने प्रसिद्ध केला, त्यात खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्राचा म्हणजे अ‍ॅक्ट्रेकचा वाटा होता. तंबाखूने आपल्या पदरात घातलेला हा रोग दुसरे कुणी आपल्यासाठी अभ्यासणार नाही. मात्र तो आराखडा डीएनएचा होता. डीएनए बरेच सोसतो, आरएनए सोसत नाही. ऑपरेशन थिएटरमधून गाठ निघते आणि थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाते. पॅथॉलॉजिस्टला ते हवेच आहे. पण फॉर्मॅलिन आरएनएचे तुकडे पाडते, आणि अ‍ॅडेनिनच्या ज्या नायट्रोजनवर आपल्याला मिथाइल गट शोधायचा आहे, त्याच नायट्रोजनवर जाऊन बसते. अशा नमुन्यातून नंतर कितीही महागडे यंत्र लावले तरी भरवशाचे उत्तर मिळत नाही.

म्हणून माझी सूचना यंत्राची नाही, द्रव नायट्रोजनच्या एका कॅनची आणि थिएटरबाहेर उभ्या राहणाऱ्या एका प्रशिक्षित माणसाची आहे. रुग्णाची संमती आधीच घ्यावी, निदानाला पुरेसा भाग पॅथॉलॉजीकडे जावा, उरलेला शेंगदाण्याएवढा तुकडा तिथल्या तिथे गोठवावा, आणि गाठ कापल्याची व गोठवल्याची वेळ कुपीवर लिहावी. जिल्ह्याच्या ठिकाणी कॅन्सरची शस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्यांनाही हे जमण्यासारखे आहे. खर्चाचा मसुदा कार्यकारिणीपुढे मी ठेवला आहे.

दुपारी पोस्टर पाहायला मी येणारच आहे. तरुण मित्रांनो, तयारीत राहा. खूण नेमक्या कुठल्या संदेशावर आहे, ती कोण वाचतो, आणि नमुना किती मिनिटांत गोठवला, एवढेच मी विचारणार आहे.