तार, चिमटा आणि कान

गिटारच्या तारांमधून कागदाची पट्टी ओवायची, तारेला दातेरी चिमटा लावायचा, दोन तारा एकमेकींवर चढवून छेडायच्या, नाहीतर गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर धातूच्या वस्तू फिरवायच्या. असे प्रकार पाहिले की बहुतेकांच्या मनात येते, ‘ज्याला सरळ वाजवता येत नाही, तोच असले चाळे करणार.’ आजच्या भाषणात या आक्षेपाचा विचार करायचा आहे. माझे म्हणणे असे, की हे आवाज वाद्यावर बाहेरून लादलेले नसतात. तारेच्या कंपनाच्या ज्या नियमांतून गिटारचा नेहमीचा गोड स्वर घडतो, त्याच नियमांतून हेही निघतात. मात्र त्यांचे संगीत होते की नुसती करामत राहते, हे शेवटी वादकाचा कान ठरवतो.

आधी तारेकडे पाहू. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला 110 वेळा कंप पावते. पण त्याच वेळी ती दोन, तीन, चार भागांतही थरथरत असते. म्हणून त्या एका स्वरात 220, 330, 440 अशा कंपनांचे उपस्वर मिसळलेले असतात. हे घरच्या घरी पडताळता येते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर, तार न दाबता बोटाचे टोक नुसते टेकवा, दुसऱ्या हाताने तार छेडा आणि बोट लगेच उचला. खालचा स्वर नाहीसा होतो आणि वरच्या सप्तकातला स्वच्छ स्वर उरतो. तारेच्या मध्यावर ज्या कंपनांना हलायला जागा लागते ती बोटाने अडवली. जी तिथे स्थिरच असतात, तेवढी राहिली. हाच प्रयोग सातव्या पडद्यावर केला तर तिप्पट कंपनांचा स्वर मिळतो, पाचव्यावर चौपट. आता बोटाऐवजी तारेला विजेच्या कामातला छोटा दातेरी चिमटा लावला तर? तारेचे वजन एकाच जागी वाढते आणि उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत. घंटेच्या टोल्यातही असेच पटीत न बसणारे उपस्वर असतात, म्हणून ती तार टोल्यासारखी वाजू लागते. चिमटा थोडा सरकवला की टोलाही बदलतो. कागदाची पट्टी ब्रिजजवळ तारांच्या खालून-वरून ओवली, तर कागद कंपने शोषून घेतो, स्वर लवकर विझतो आणि कोरडा, खरखरीत ठोका हाती येतो.

हे सगळे अलीकडचे फॅड आहे, असेही म्हणता येणार नाही. फर्नांदो सोर या स्पॅनिश वादकाने 1830 साली पॅरिसमध्ये गिटारवादनावरचा ग्रंथ काढला, त्यात गिटारवर हॉर्न, ट्रम्पेट, ओबो यांची नक्कल कशी साधावी हे सांगितले आहे. फ्रान्सिस्को तारेगाच्या ‘ग्रान होता’ या रचनेत पाचवी आणि सहावी तार एकमेकींवर चढवून दाबून धरतात आणि छेडतात. लष्करी ढोलाचा ताशासारखा कडकडाट ऐकू येतो. म्हणजे अभिजात गिटारच्या घरातच ही वाट होती. विसाव्या शतकात ती रुंद झाली. लंडनमध्ये 1965 साली सुरू झालेल्या एएमएम या गटातल्या कीथ रो याने गिटार टेबलावर आडवी ठेवली. जॅक्सन पोलॉक हा चित्रकार कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंगवत असे, त्यावरून त्याला हे सुचले. फ्रेड फ्रिथने 1974 च्या ‘गिटार सोलोज’ या ध्वनिमुद्रिकेसाठी गिटारच्या वरच्या टोकाकडे, नटजवळ, जादा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बसवला. एरवी बोटाने तार दाबली की आपण ब्रिजकडचाच तुकडा ऐकतो, पलीकडचा ऐकू न आल्यासारखा असतो. फ्रिथच्या गिटारवर बोटाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे ऐकू येऊ लागले. बोट वर सरकले की एक स्वर चढतो आणि दुसरा उतरतो. अर्ध्या तारेचा आवाज इतकी वर्षे वाया जात होता, हे त्याने ऐकले आणि कामाला लावले.

पण कागद आणि चिमटे लावून वाद्य बिघडवायचे कशाला, असा दुसरा आक्षेप येतो. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना याचे उत्तर तंबोऱ्यात सापडेल. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ रुंद असते. तिच्यावरून जाणाऱ्या तारेखाली सुताचा दोरा सरकवतात आणि तो केसभर पुढे-मागे करत आवाज खुलवतात. जवारी काढायची म्हणजे तार घोडीला किती आणि कशी स्पर्श करील हे ठरवायचे. मिरजेच्या कारागिरांची ख्याती याच हातावर आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात दाखवले, की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे स्थिर राहणारे उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, पण तंबोऱ्यात ते उमटतात, आणि त्याचे कारण त्या घोडीत आहे. जो दोरा आपण गाण्याचा प्राण मानतो, तोही तारेच्या वाटेत मुद्दाम घातलेला अडथळाच आहे. हवाईतून आलेल्या पद्धतीने गिटार आडवी धरून तारांवर धातूचा दांडा फिरवला, तेव्हा पडदे निरुपयोगी झाले. पण सलग मींड मिळाली. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्या गिटारवर राग वाजवले आणि 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ती संतूर आणि बासरीच्या पंगतीला बसली. तिथे वाद्य बिघडले, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. हे सगळे आता पेडलचे, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाजवळच्या उपकरणाचे, एक बटण दाबून होते, मग तारेशी झटापट कशाला? पेडल पिकअपमधून आलेल्या सगळ्या तारांच्या एकत्र संकेतावर काम करतो. चिमटा एकाच तारेवर असतो, शेजारची तार साधी राहते, आणि बोट कोणत्या पडद्यावर आहे त्यावर चिमट्याचा परिणाम दर स्वराला बदलतो. हा बदल वादकाच्या बोटाला जाणवतो आणि पुढचा स्वर कसा छेडायचा हे त्यावर ठरते. पेडल वाईट असे नाही, पण तो ही देवाणघेवाण देत नाही.

उरतो पहिला आक्षेप, तयारीचा. तो पूर्ण खोटा नाही. चिमटा कोणीही लावू शकतो आणि पहिला टोला कोणाच्याही हातून चमत्कारिकच निघतो. म्हणून आवाज किती विचित्र, हा निकष धरून चालत नाही. तोच आवाज हवा तेव्हा पुन्हा काढता येणे, हा निकष बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. तारेगाचा कडकडाट दर वेळी ठरल्या जागी यावाच लागतो. पण कीथ रोसारखा वादक अनपेक्षित आवाजाला मुद्दाम वाट करून देतो, तिथे हा निकष अपुरा पडतो. तिथे पाहायचे ते एवढेच, की तो आवाज आल्यावर वादक काय करतो: त्याला उत्तर देतो, थांबतो, त्याला वाढवतो, की तसाच पुढे रेटतो.

तेव्हा घरी प्रयोग करणाऱ्यांनी कागदापासून सुरुवात करावी. चिमट्याने पडद्यांवर आणि पॉलिशवर ओरखडे पडतात. आणि ऐकणाऱ्यांनी एक कसोटी लावून पाहावी. तो विचित्र आवाज रचनेतून मनातल्या मनात काढून टाका. काहीच उणे झाले नाही, तर आक्षेप घेणाऱ्यांचे बरोबर. पण रचना लंगडी पडली, तर तो आवाज त्या संगीताचाच भाग होता, मग तो बोटातून आलेला असो की चिमट्यातून.