लहान आणि स्वस्त स्मार्टफोनचे भवितव्य

स्मार्टफोनच्या पडद्याचे माप त्याच्या कर्णावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधील अंतरावर, ठरते. २०१६ साली अ‍ॅपल कंपनीने ४ इंची ‘आयफोन एसई’ ३९९ डॉलरना बाजारात आणला, तेव्हा मुठीत मावणारा फोन तुलनेने माफक किमतीतही उत्तम असू शकतो हे दिसून आले. परंतु अ‍ॅपलच्याच २०२० आणि २०२१ मधील ५.४ इंची ‘मिनी’ फोनची परंपरा पुढे चालली नाही, आणि २०२५ मध्ये ‘एसई’ची जागाही ६.१ इंची फोनने घेतली.

याचे कारण केवळ ग्राहकांच्या आवडीत नाही. लहान कवचात मोठी बॅटरी बसत नाही. शिवाय एकाच मापाचे लक्षावधी पडदे बनवल्याने प्रत्येक पडद्याचा खर्च घटतो, आणि घाऊक उत्पादनाचा हा लाभ, मागणी तुटपुंजी असल्यामुळे, लहान पडद्यांना मिळत नाही. ज्यांचे हात लहान आहेत, विशेषतः अनेक स्त्रिया, त्यांची मोठ्या फोनमुळे होणारी गैरसोय उपेक्षितच राहिली, ही खरोखर खेदाची बाब आहे. लहान फोन कदाचित टिकेल, मात्र स्वस्त राहणार नाही: आज लहान समजला जाणारा ६.२ इंची ‘गॅलॅक्सी एस २५’ महागड्या श्रेणीतच मोडतो.